नाव न घातलेली भांडी

नाशिक हे तांब्यापितळेचं गाव. तांबट लेनमधले हातोडीचे ठोके आता विरळ झाले असले, तरी भांडी बाजारात आजही घंगाळं, बंब आणि समया मांडलेल्या दिसतात. जुन्या नाशिककरांच्या माळ्यावर आजीच्या लग्नातली भांडी अजून पोत्यात बांधून ठेवलेली सापडतात. त्यातलं एखादं उचलून पाहा, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं: कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या प्रसंगी, आणि बरेचदा साल. घर बदललं, माणसं गेली, तरी भांडं आपली ओळख सांगत राहतं.

चिनी मातीच्या भांड्यावर असं नाव घालता येत नाही. वरची झिलई काचेच्या जातीची. तिच्यावर छिन्नीचा ठोका पडला की टवका उडतो. शाहजहानच्या संग्रहातल्या काही मिंगकालीन थाळ्यांवर त्याचं नाव कोरलेलं आहे, पण त्यासाठी रत्नांवर कोरणाऱ्या कारागिराची हत्यारं लागतात आणि ती पदरी असणारा बादशहा लागतो. आपल्या घरांतल्या बशा, फुलदाण्या, चहाच्या किटल्या निनावीच राहिल्या. शिवाय पितळेला मोड असते. फुटकी कळशीही वजनावर जाते. फुटलेल्या बशीला कुणी पैसा देत नाही, धड बशीही कधी गहाण पडत नाही. त्यामुळे वाटणीच्या यादीत कळशा मोजल्या जात आणि कपबशा ज्याच्या हाती लागतील त्याच्या होत.

म्हणून, हाताने रंगवलेली जुनी चिनी भांडी घरासाठी जमवणाऱ्यावर दोन कामं येतात. भांड्यावरचा हात ओळखायचा, आणि ते ज्या घरातून आलं त्या घराची नोंद ठेवायची. पहिल्या कामाबद्दल जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे. दुसरं आपलं आपणच करायचं आहे, आणि माझ्या मते तेच अधिक निकडीचं आहे. हे पुस्तक दोन्हींसाठी आहे.

मराठी घरात चिनी भांडं सरळ आत आलं नाही. ते ओसरीवर थांबलं, मग माजघरात आलं, आणि स्वयंपाकघरात पोचायला त्याला दोन पिढ्या लागल्या. धातूचं भांडं घासून, तापवून शुद्ध करता येतं. मातीचं एकदा उष्टं झालं की झालं, असा सोवळ्याचा नियम. चिनी माती ही मातीच, मग ती कितीही गुळगुळीत असो. गंमत अशी, की त्याच सोवळ्याच्या घरात लोणच्याची चिनी बरणी फळीवर मानाने बसलेली असे. बरणीला कुणाचे ओठ लागत नाहीत, कपाला लागतात. कपाबद्दलचा हा संकोच चहाबरोबर मोडत गेला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झालं आणि हजर असलेल्यांची नावं गोपाळराव जोशी यांनी छापून आणली. रानडे, टिळक, गोखले त्यांत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका घोट चहाची ही किंमत होती. त्या काळात एखाद्या नाशिककर वकिलाने किंवा मामलेदाराने घरात रंगीत फुलांची कपबशी आणली असेल, तर ती नुसती हौस नव्हती. ती पाहुण्यासमोर कोणत्या खोलीत ठेवायची, कुणी विसळायची, हेही त्याला ठरवावं लागलं असणार. आज अशी कपबशी हाती आली की मी आधी तिच्याकडे या नजरेने पाहतो आणि मग उलटी करून शिक्का वाचतो.

ही भांडी आली कुठून? नाशिकपुरतं बोलायचं तर वाटा तीन-चार आहेत, आणि त्या सगळ्या शहराच्या कडेकडेने येतात.

एक वाट पारशांची. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचं चीनशी असलेलं नातं सर्वांना माहीत आहे; जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी स्वतः चीनच्या सफरी केल्या होत्या. कापूस आणि अफू तिकडे जात, आणि परतीच्या गलबतांतून रेशीम, चहा व चिनी भांडी येत. गारा साड्यांची आठवण आजही निघते, भांड्यांची कमी निघते. देवळाली कॅम्पात पारशांचे बंगले आणि सॅनिटोरियम उभे राहिले तेव्हा मुंबईच्या घरांतलं सामान हवापालटाच्या घरांतही आलं. त्यातल्या ज्या बशांवर गुलाबी-हिरव्या फुलांच्या चौकटी आणि चौकटींत माणसं, पक्षी, फुलपाखरं असतात, त्या बहुतेक कँटनच्या, म्हणजे ग्वांगझूच्या. भांडं घडत आणि भाजलं जात असे दूर जिंगदेझेनला; कोरं भांडं नदीमार्गाने ग्वांगझूला येई आणि तिथल्या रंगशाळांत परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे रंगवलं जाई. विल्यम हिकी नावाच्या इंग्रजाने १७६९ साली अशी एक रंगशाळा पाहिली होती. लांबलचक दालनात शंभरावर माणसं कामाला बसलेली, त्यांत अगदी म्हातारे होते आणि सहा-सात वर्षांची मुलंही होती.

दुसरी वाट छावणीची. देवळालीला गोऱ्या पलटणींचा मुक्काम असे. मायदेशी निघालेले शिपाई बोटीची वाट पाहत इथेच थांबत. छावणी म्हटली की बदल्या आल्या, आणि बदल्या म्हटल्या की सामानाची विक्री आली. इंग्लिश डिनर सेट बोटीवरून परत नेण्यापेक्षा विकून टाकणं सोपं होतं. देवळाली आणि नाशिकरोडच्या जुन्या घरांत स्टॅफर्डशायरच्या थाळ्या दिसतात त्यामागे हे एक साधं कारण आहे. मात्र निळ्या-पांढऱ्या विलो नक्षीची बशी, म्हणजे पूल, विलोचं झाड आणि वर दोन पाखरं, पाहून कुणी ती चिनी आणि हाताने रंगवलेली आहे असं समजू नये. ती नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात तयार झाली आणि ती छापील असते.

तिसरी वाट जपानची, आणि ती मला फार जवळची वाटते, कारण तिच्यात मराठी शिपाई आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जे राष्ट्रकुलाचं सैन्य गेलं त्यात के. एस. थिमय्या यांच्या हाताखालची भारतीय ब्रिगेड होती, आणि त्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. साल १९४६-४७. जपानचे कारखाने तेव्हा पुन्हा उभे राहत होते आणि परतणारे सैनिक भेटवस्तू म्हणून टी-सेट नेत. अंड्याच्या टरफलाइतके पातळ कप, अंगावर फुगीर रंगाने काढलेला ड्रॅगन, आणि कप उजेडाकडे धरला तर तळाशी एका जपानी बाईचा चेहरा. तो चेहरा रंगाने काढलेला नसतो. मातीचा थर कुठे जाड, कुठे पातळ ठेवलेला असतो आणि उजेड त्यातून कमीजास्त झिरपतो. तुमच्या घरात असा सेट असेल आणि घरातले कुणी फौजेत होते असं ऐकिवात असेल, तर त्यांच्या नोकरीचे कागद शोधा. एखाद्या किटलीचा प्रवास पलटणीच्या प्रवासाशी जुळवता येणं ही संग्राहकाला मिळणारी फार मोठी गोष्ट आहे.

चौथी वाट देव्हाऱ्यातून येते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. त्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्यावर जर्मनीतल्या कारखान्यांनी तशाच चित्रांवरून लहान मूर्ती बनवायला सुरुवात केली: बिनझिलईची पांढरी माती, वर हाताने भरलेले रंग, पाठीवर ‘मेड इन जर्मनी’. मुरलीधर कृष्ण, कमळावरची लक्ष्मी, मांडीवर गणपती घेतलेली पार्वती. गौरी-गणपतीच्या आरासीत या मूर्ती मांडल्या जात आणि अकरा महिने कापसात गुंडाळून डब्यात राहत, म्हणूनच काही टिकल्या. या मूर्तींना कुणी चिनी भांड्यांच्या संग्रहात धरत नाही. मी धरतो. ज्या अनोळखी जर्मन कामगाराने कधी न पाहिलेल्या देवीच्या साडीचा काठ एका केसाच्या कुंचल्याने ओढला, त्याचं काम बशीवरच्या गुलाबापेक्षा कमी नाही.

देशी कारखान्यांबद्दल थोडक्यात. ग्वाल्हेर, कलकत्ता, खुर्जा आणि सौराष्ट्रात थानगड-मोरबीकडे विसाव्या शतकात चिनी मातीचे उद्योग उभे राहिले. सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरीच्या मागे गणपुले हे मराठी नाव आहे. त्यांची कपबशी, बरणी आपल्या स्वयंपाकघरात सर्वांत जास्त वापरली गेली. पण हाताने रंगवलेलं काम त्यांत कमी, चिकटवलेल्या छापील चित्रांचं जास्त. हाताच्या कामासाठी त्याहून मागे, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जावं लागतं. १८७० च्या दशकात तिथे जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची शाळा उभी केली. जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर विद्यार्थी अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवत होते तेच हे दिवस, आणि त्या आकृती सुरयांवर, फुलदाण्यांवर उतरल्या. ती चिनी माती नव्हे, झिलई केलेली साधी भाजकी माती. तरी आपल्या मुलखात हाताने रंगवलेल्या घरगुती भांड्याचा तो पहिला आधुनिक प्रयत्न आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात तो पाहायला मिळतो. चिनी आणि जपानी पोर्सेलीन पाहायचं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आहेत. काही घेण्याआधी तिथे एक दिवस नुसतं बघत फिरावं, असं मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

बघायचं म्हणजे काय बघायचं? आधी माती. खरं पोर्सेलीन केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचं. जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरून तिला ते नाव मिळालं. १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर भाजलं की ती काचेसारखी एकजीव होते. बोटं मागे धरून भांडं उजेडाकडे न्या, सावली दिसेल. नखाने टिचकी मारा, स्वच्छ नाद येईल. तडा असेल तर आवाज बसका येतो. युरोपला हे गुपित फार उशिरा उमगलं, मायसेनचा कारखाना निघाला तो १७१० साली. आणि इंग्रजांनी पुढे हाडांची राख मिसळून बोन चायना काढलं. पण झिलई दिसली म्हणजे पोर्सेलीन असं नव्हे. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल नाशिककरांच्या सहलीतला असतो. त्याच्या भिंतीवरच्या उरल्यासुरल्या निळ्या-पांढऱ्या फरशा बघा: झिलई आहे, पोर्सेलीन नाही. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की बाजारात पुष्कळ पैसे वाचतात. आणि नादाची ही परीक्षाही आपल्याकडे नवी नाही. १९५०-५१ साली हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकची मातीची गढी आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे उत्खनन केलं; जोर्व्याची तीन हजार वर्षांपूर्वीची लाल भांडी, वर काळ्या रंगाची नक्षी, इतकी चांगली भाजलेली आहेत की टिचकी मारल्यावर धातूसारखी वाजतात.

मातीनंतर रंग. निळा कोबाल्ट झिलईच्या खाली असतो. तो बोटाला लागत नाही आणि शतकानुशतकं फिका पडत नाही. बाकीचे बहुतेक रंग झिलईच्या वर, पुन्हा ७००-८०० अंशांवर भाजून बसवलेले. डोळे मिटून बोट फिरवलं तर उंचवटा जाणवतो. चिनी भांड्यांवरच्या त्या मऊ गुलाबी रंगाची छटा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांतून येते, हे कळल्यापासून मला तो रंग वेगळाच दिसायला लागला. सोन्याची कड सर्वांत शेवटी लागते, म्हणून सर्वांत आधी झिजते.

आता हात. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या. चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं दिसलं तर ते कागदावरून उतरवलेलं आहे. सारख्या, कोरीव रेघा आणि कुठेतरी नक्षीचा जोड दिसला तर तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं. कुंचल्याची रेघ टेकताना जाड असते आणि उचलताना निमुळती होते; रंग एका बाजूला साचलेला असतो. सेटमधले सहाही कप शेजारी ठेवा. सहा गुलाब हुबेहूब सारखे असतील तर शंका घ्या. मधला एक प्रकार फार फसवतो: बाह्यरेषा छापील आणि आतला रंग हाताने भरलेला. त्यावरही ‘हँड पेंटेड’ लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. मी असे नग टाळत नाही, पण किंमत वेगळी धरतो. शुद्ध एकहाती काम तर मुळात फार थोडंच असतं. फादर द आंत्रकोल या फ्रेंच मिशनऱ्याने १७१२ साली जिंगदेझेनहून लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे की एका भांड्याला सत्तरएक माणसांचे हात लागतात. एकजण बाह्यरेषा काढतो, दुसरा रंग भरतो. ‘ही कुणी रंगवली?’ या प्रश्नाला म्हणूनच एक नाव बहुधा मिळत नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

तळाच्या शिक्क्यावर मी जरा कमी भर देतो. तो काळ सांगतो, खरं. अमेरिकेत १८९१ पासून लागू झालेल्या जकात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव आलं. जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर तो साधारण १८९१ ते १९२१ मधला, नुसतं ‘जपान’ असेल तर बहुधा त्यानंतरचा, ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९५२ च्या आतला. पण हा नियम अमेरिकेचा होता. थेट मुंबईला उतरलेल्या मालावर काहीच नसू शकतं, किंवा कागदी चिठ्ठी असते आणि ती पहिल्याच धुण्यात जाते. मायसेनच्या दोन तलवारी तर इतक्यांनी नकलल्या आहेत की त्या दिसल्या की उलट जास्त सावध व्हावं. चिनी भांड्यांवर जुन्या सम्राटाचं नाव पूर्वजांच्या आदरापोटी शेकडो वर्षांनीही घातलं जाई. शिक्का शेवटी वाचा.

जमवलेलं वापरावं का? वापरावं, असं माझं ठाम मत आहे, पण डोकं वापरून. जुन्या झिलईवरच्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं, म्हणून रंगीत आतल्या बाजूच्या भांड्यात लोणचं, चिंचेची चटणी, लिंबाचं सरबत ठेवू नये, आणि रोजच्या जेवणाला ती काढू नयेत. फुलं ठेवा, कोरडा मेवा ठेवा. जानेवारीतल्या सकाळी, निफाडकडून गारठा येतो तेव्हा, थंडगार पातळ कपात उकळता चहा ओतला तर तडा जातो. कप आधी कोमट पाण्यात बुडवून घ्यावा. राख, भांड्याची वडी, घासणी यांपैकी काहीही सोन्याच्या कडेला लागता कामा नये. कप कानाला धरून टांगू नयेत. बशा एकावर एक ठेवताना मध्ये जुन्या सुती लुगड्याचे तुकडे घालावेत.

घ्यायचं तर एक तडा गेलेली पण खऱ्या हाताची बशी घ्यावी, छापील पूर्ण डिनर सेटपेक्षा ती बरी. पूर्वी फुटलेल्या थाळ्या पाठीमागून धातूचे टाके मारून जोडत. असा टाका दिसला की नग नाकारू नका. कुणीतरी तो टाकून न देता जोडून घेतला, याचा तो पुरावा आहे.

आणि हे सगळं आत्ता करायचं कारण म्हणजे वाडे जात आहेत. गोदावरीच्या पुरांनी सराफ बाजार आणि भांडी बाजारात पुन्हा पुन्हा पाणी भरलं, २००८ आणि २०१६ साली तर सगळ्यांनी पाहिलं. पुराने चिनी भांड्याचं फारसं काही बिघडत नाही, चिखल धुतला की रंग तसाच असतो, फक्त जुने गोंदाचे जोड सुटतात. वाडा उतरवताना मात्र ती जातात. पितळ मोजून घेतलं जातं, लाकूड विकलं जातं, आणि कपाटातली किटली पोत्यात पडते. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये जागा नसते हे खरं आहे. तरी पोतं बांधण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईला एकदा विचारावं. बहुतेक वेळा तिलाच माहीत असतं, कारण ती भांडी विसळली तिने. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, फण्या गोळा केल्या तेव्हा लोकांना घरातल्या सामानाचं मोल नव्याने दिसलं. तसं लक्ष या भांड्यांकडे कुणीतरी द्यायला हवं.

मुलं परदेशी असलेल्या घरांसाठी एक सूचना. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीची फुलदाणी बॅगेत टाकण्याआधी तिचं वय तपासून घ्या.

या पुस्तकाच्या शेवटी काही कोरी पानं मुद्दाम ठेवली आहेत. प्रत्येक नगासाठी एक पान. मोजमाप, शिक्का आणि किंमत लिहाच, पण आधी घर लिहा: कोणत्या गल्लीतलं, कुणाच्या लग्नात किंवा कुणाच्या बदलीत आलं, कुठल्या फळीवर असे, कोण वापरी, कोण हात लावू देत नसे. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. ऐकलेलं आणि पडताळलेलं वेगळं ठेवा. पानाचा क्रमांक नगाच्या तळाच्या बिनझिलईच्या कडेवर मऊ शिसपेन्सिलीने लिहावा. चिकटपट्टी सोन्यावर किंवा रंगावर कधीही लावू नये. काढताना ती दोन्ही सोबत घेऊन येते.